ना हरकत दाखला म्हणजे पाण्याची हमी नव्हे

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बार्देस तालुक्यातील आमच्या गावात एका जुन्या भाटाच्या (माड-पोफळीच्या बागायतीच्या) जागी 112 सदनिकांचे संकुल उभे राहिले. दोन वर्षांपूर्वी तेथे लोक राहायला आले आणि आता त्याच संकुलाच्या दुसऱ्या टप्प्याच्या बांधकाम परवान्याचा अर्ज पंचायतीसमोर आहे. मागच्या ग्रामसभेत मी उभा राहून एकच प्रश्न विचारला होता : दुसऱ्या टप्प्याला रोज किती घनमीटर पाणी लागेल आणि ते कुठल्या टाकीतून येईल? व्यासपीठावरून उत्तर आले की सर्व खात्यांचे ना हरकत दाखले फाईलला जोडलेले आहेत, आणि लगेच पुढचा विषय घेण्यात आला. उत्तर खोटे नव्हते. दाखले होतेच, मी ते नंतर रीतसर अर्ज करून पाहिले. पण माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यांत नव्हते. हा प्रकार आमच्या एका गावापुरता असता तर मी आपल्या वृत्तपत्राची जागा अडवली नसती. पर्वरीपासून पेडण्यापर्यंत ज्या ज्या गावात चार मजल्यांची संकुले उठत आहेत तेथे हाच संवाद थोड्याफार फरकाने घडत असल्याचे मी ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

मी हे बाहेरून बोलत नाही. पाणीपुरवठ्याशी संबंधित एका सरकारी कार्यालयात तीसेक वर्षे काढून मी कनिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झालो, आणि असे दाखले तयार करण्याचे काम माझ्याच टेबलावर येत असे. अर्ज आला की मी नकाशावर जवळची जलवाहिनी पाहायचो, तिचा व्यास लिहायचो आणि खाली ठरलेले वाक्य घालायचो : ‘पाण्याच्या उपलब्धतेच्या अधीन राहून जोडणी देण्यास या कार्यालयाची हरकत नाही.’ या वाक्याची सगळी खुबी पहिल्या चार शब्दांत आहे. पाणी असेल तर देऊ, नसेल तर कार्यालय मोकळे. बिल्डरच्या फाईलला एक कागद मिळतो, पंचायतीला दाखवायला एक शिक्का मिळतो, आणि पाणी देण्याची जबाबदारी मात्र कोणीही अंगावर घेतलेली नसते. मला त्या काळी यात काही वावगे वाटत नसे, कारण येणारे अर्ज असायचे ते एखाद्या घराचे, फार तर मुलाने वडिलांच्या घरामागे काढलेल्या दोन खोल्यांचे. एका जोडणीने टाकीतली पातळी बोटभरही हलत नाही. तेच वाक्य, एक शब्द न बदलता, 112 कुटुंबांच्या फाईलला लागलेले मी परवा वाचले तेव्हा मला माझ्याच हस्ताक्षराची लाज वाटल्यासारखे झाले, जरी सही माझी नव्हती.

हिशेब अवघड नाही, आणि तो मी पाठकोऱ्या कागदावर करून ग्रामसभेला नेला होता. एका सदनिकेत चार माणसे धरली तर 112 सदनिकांत 448 माणसे होतात. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज 135 लिटर हे आपल्याकडचे रूढ माप आहे. त्याने 60,480 लिटर, म्हणजे साठ घनमीटर पाणी दररोज लागते. घरोघरी नळ देण्याच्या केंद्राच्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी 55 लिटर धरले आहेत आणि आमचे गाव कागदोपत्री ग्रामीणच आहे. पण ज्या घरात दोन-तीन न्हाणीघरे आणि कपडे धुण्याचे यंत्र आहे आणि ज्याच्या अंगणात पोहण्याचा तलाव आहे, त्याला 55 चे माप लावण्यात काही अर्थ नाही. गाव ग्रामीण आणि वापर शहरी, अशी ही खिचडी आहे. दुसऱ्या टप्प्यातही एवढीच घरे धरली तर रोजचे सुमारे एकशे वीस घनमीटर झाले. आमची टाकी नव्वदच्या दशकातील आहे आणि ती त्या वेळच्या वस्तीच्या अंदाजाने बांधलेली आहे. तिच्यातून खाली येणारी वाहिनी तर तिच्याहूनही जुनी.

पाणी कमी पडते ही एक बाब झाली. ते कोणाला कमी पडते हे ठरवतो पाण्याचा आणि पाइपाचा स्वभाव, आणि ही गोष्ट पंचसदस्यांना समजावून सांगणे मला ग्रामसभेत जमले नाही, म्हणून येथे सांगतो. आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारच्या सुमारास सुटते आणि ठरावीक तास चालते. व्हॉल्व उघडला की पाणी प्रथम सखल भागाकडे धावते. संकुल सखल भागात, रस्त्याच्या कडेला आहे. त्याची जमिनीखालची टाकी, जिला सगळे संप म्हणतात, ती रस्त्याच्या पातळीच्याही खाली आहे. तिच्यात पाणी पडायला दाब लागतच नाही. ती टाकी भरेपर्यंत वाहिनीत पुढे जायला जोर उरत नाही. जुने घर मात्र वरच्या वाड्यावर, चढावर. तेथील नळाला पाणी पोहोचण्यासाठी वाहिनी पूर्ण भरून तिच्यात दाब तयार व्हावा लागतो. म्हणजे संकुलाने काही चोरी केलेली नसते, नियमाबाहेर एक थेंब घेतलेला नसतो, तरी वरच्या वाड्याचा नळ कोरडा राहतो. मग वरचे लोक काय करतात? नळाला थेट पंप लावतात, जे बेकायदेशीर आहे हे त्यांनाही ठाऊक असते. पंपाने ओढ बसली की अर्धवट रिकाम्या वाहिनीत बाहेरून, गळक्या जोडांतून, गटाराचे पाणी शिरते. गढूळ पाण्याच्या तक्रारींचा उगम शोधत मी माझ्या नोकरीत किती खड्डे खणले असतील त्याची गणती नाही. त्यांतले बरेचसे शेवटी अशाच ओढीपाशी येऊन थांबायचे.

माझ्या शेजारच्या काकी सत्तरी ओलांडलेल्या आहेत. त्यांचे घर वाहिनीच्या अगदी टोकाला. त्या पहाटे चारला उठून न्हाणीघराबाहेरच्या नळाखाली कळशी लावून बसतात. पाण्याच्या आधी नळातून वारा येतो, सूं करून, आणि त्या वाऱ्यानेही मीटरचे चाक फिरते. एकदा त्यांनी मला हात धरून नेऊन ते दाखवले. कळशीत थेंब नाही आणि मीटर चालू. ‘भाऊ, हे बिल कसले, वाऱ्याचे?’ असे त्यांनी विचारले. तीस वर्षे या धंद्यात काढलेल्या माणसाला त्यावर उत्तर सुचू नये, ही माझी फजिती मी येथे नमूद करून ठेवतो.

गोव्याने 2020 च्या ऑक्टोबरमध्ये देशात सर्वांत आधी ग्रामीण भागातील प्रत्येक घराला नळ दिल्याचे जाहीर केले. जोडणीच्या अर्थाने ते खरेच आहे आणि त्यामागे अनेकांचे कष्ट आहेत. पण जोडणी आणि पाणी यांतले अंतर मोजण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही. बार्देसचा भार मुख्यतः अस्नोड्याच्या शुद्धीकरण प्रकल्पावर आहे आणि त्याला तिळारीच्या कालव्याचे पाणी लागते. कालव्याला कुठे भगदाड पडले किंवा दुरुस्तीसाठी तो बंद ठेवावा लागला की म्हापसा-पर्वरी पट्ट्यात टँकरची रांग लागते, हे आता कोणालाही नवे नाही. तिसवाडी आणि फोंड्याला ओपा, दक्षिणेला साळावली, असे प्रत्येक भागाचे एकेक मोठे आधारस्थान आहे आणि त्या प्रत्येकाची क्षमता ठरावीक आहे. एखाद्या जमिनीचा विभाग कागदावर बदलला म्हणून ती क्षमता वाढत नाही, आणि गावात पुरलेल्या पाइपाचा व्यासही वाढत नाही.

जमिनीच्या विभागबदलावर, म्हणजे शेती-बागायतीची जमीन वसाहतीसाठी खुली करण्यावर, राज्यात पुष्कळ बोलले गेले आहे. नगरनियोजन कायद्यातील 2018 चे कलम 16-ब, 2023 चे 17(2), 2024 चे 39-अ ही नावे आता चहाच्या दुकानातही ऐकू येतात, आणि 17(2) खालील नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये रद्दबातल ठरवले. त्या वादात मी शिरत नाही. माझे म्हणणे त्याच्याही अलीकडचे आहे. आमच्या गावातील जमीन आराखड्यात आधीपासूनच वसाहत क्षेत्रात होती, विभागबदल झालाच नव्हता, सगळे कायदेशीर होते, आणि तरीही वरचा वाडा कोरडा आहे. विभागबदलाचा प्रत्येक वाद उद्या गावकऱ्यांच्या बाजूने सुटला तरी हा प्रश्न जिथल्या तिथे राहील, कारण वसाहत क्षेत्रातील जमिनीवर किती घरे पेलतील हे आपण चटईक्षेत्रावरून, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते त्यावरून, ठरवतो, टाकीवरून ठरवत नाही.

सांडपाण्याचे तर आणखी अवघड आहे. पणजी, मडगाव, वास्को अशा शहरांच्या काही भागांत भूमिगत मलनिस्सारण आहे. खेड्यात घरोघरी सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा. जांभ्या दगडात भेगा आणि पोकळ्या असतात, त्यामुळे शोषखड्ड्यातले पाणी मुरते हे चांगले, आणि कुठल्या दिशेला किती लांब जाईल याचा नेम नसतो हे वाईट. घरे विरळ होती, मध्ये पोफळी-माड होते, तोवर ते खपून गेले. विहीर आणि शोषखड्डा यांत ठरावीक अंतर ठेवावे असा नियम आहे, पण तो एका खड्ड्यासाठी आहे. रोज पन्नासेक हजार लिटर सांडपाणी एकाच भूखंडातून निघाले (वापरलेल्या पाण्याच्या ऐंशी टक्के, असा हिशेब धरतात) तर शेजारच्या विहिरीचे काय होईल हे त्या नियमाला विचारता येत नाही. म्हणून मोठ्या संकुलांना स्वतःचा प्रक्रिया प्रकल्प घालायला लावतात. आमच्या संकुलातही तो आहे. पण असा प्रकल्प चोवीस तास चालवावा लागतो, त्याला वीज लागते, जाणता माणूस लागतो, आणि दोन वर्षांनी बिल्डर हात झटकून निघून गेला की तो खर्च रहिवाशांच्या सोसायटीवर पडतो. बंद पडलेला प्रकल्प तपासायला कोण येतो? आणि तो उत्तम चालला तरी प्रक्रिया केलेले पाणी जायचे कुठे? सध्या ते पावसाळी नाल्यात जाते, नाला मळ्यात उतरतो, आणि मळ्यात अजून चार घरे वायंगण (उन्हाळी भातशेती) करतात. गेल्या फेब्रुवारीत तेथील एका शेतकऱ्याने मला बांधावर नेले. कडक उन्हाळ्याच्या तोंडावर, जेव्हा नाला आटलेला असायला हवा, तेव्हा तो वाहत होता आणि त्यावर साबणासारखा फेस होता. पाणी मिळाले म्हणून आनंद मानावा की वास येतो म्हणून तक्रार करावी, हे त्यालाही ठरवता येत नव्हते.

कचऱ्याचे नियम निदान स्पष्ट होते. दिवसाला शंभर किलोहून अधिक कचरा करणारा तो मोठा कचरानिर्माता आणि पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या बंदिस्त वसाहतीने ओला कचरा आवारातच जिरवावा, असे 2016 च्या घनकचरा नियमांत म्हटले होते. ते पाळले असते तर पंचायतीच्या गाडीवरचा भार बराच कमी झाला असता. आमच्या संकुलाने कंपोस्टची जागा नकाशावर दाखवली होती. आज तेथे दुचाक्या उभ्या असतात.

विजेबाबत मी जाणकार नाही, पण एवढे दिसते की एप्रिल-मे महिन्यांत रात्री दहानंतर वातानुकूलन यंत्रे एकदम सुरू झाली की वरच्या वाड्यावरचे दिवे मंद होतात. रस्त्याचे सांगायला नको. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मधून कसाबसा एक ट्रक जाईल एवढी वाट, आणि गणेशचतुर्थीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाला तीनशे मीटर मागे जावे लागते. अग्निशमन दलाचा मोठा बंब त्या वळणावरून आत येईल का, हे कोणी प्रत्यक्ष बंब आणून पाहिलेले नाही. माझी सूचना आहे की एकदा पाहावे.

आरोग्य सेवेवरचा भार मात्र इमारतीत माणसे राहायला येण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो, आणि त्याचा विचार फारसा होत नाही. बांधकाम दोन-तीन वर्षे चालते. मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहतात, उघड्या टाक्यांत आणि स्लॅबवर पाणी साचते, आणि पावसाळ्यानंतर डेंग्यूचे रुग्ण वाढले की आरोग्य केंद्राचे कर्मचारी फवारणीचा पंप घेऊन त्याच जागी पुन्हा पुन्हा जातात. बांधकाम मजुरांना आरोग्यपत्र सक्तीचे आहे, त्यासाठी रक्ततपासणी करायची, नोंद ठेवायची, हे कामही त्याच केंद्राचे. सपाट प्रदेशात पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे देशभराचे प्रमाण आहे. पण ही लोकवस्ती मोजायची कशी? आपल्याकडे शेवटची जनगणना 2011 ची. तेव्हा गोव्याची लोकसंख्या 14 लाख 58 हजार होती. 2021 ची जनगणना झालीच नाही. पंधराव्या वित्त आयोगाने निधीच्या वाटपासाठी आधार घेतला तोही 2011 च्याच आकड्यांचा. आमचे संकुल त्या आकड्यांत नाही, ते बांधणारे मजूरही नाहीत.

यातून एक वेगळी गुंतागुंत निघते. 112 पैकी बऱ्याच सदनिका एरवी बंद असतात. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागतात, सोमवारी पुन्हा अंधार. 2011 च्या जनगणनेतही गोव्यातील साधारण पाचांपैकी एक घर रिकामे आढळले होते. तेव्हा कोणी म्हणेल की बंद घरांना पाणी कशाला लागते? पण सेवा या सरासरी दिवसासाठी उभारता येत नाहीत, त्या सर्वांत जड दिवसासाठी उभाराव्या लागतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळी घरे भरलेली असतात, शिवाय प्रत्येक घरात पाहुणे. मे महिन्यात, जेव्हा धरणांत पाणी सर्वांत कमी असते, तेव्हा मुलांना सुट्टी म्हणून ती पुन्हा भरतात. वर्षातले हे पाच-सहा आठवडे धरून टाकी बांधायची तर पैसा लागतो, आणि न बांधायची तर ते आठवडे काकींनी कळशी घेऊन बसून काढायचे. उलट शाळेची गोष्ट पाहा. वस्ती वाढली की गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मुले येतील, पटाअभावी टांगणीला लागलेली शाळा तरेल, अशी आमच्या शिक्षिकेला आशा होती. एकही मूल आले नाही. जी थोडी मुले संकुलात राहतात ती सकाळी सातला पिवळ्या बसने तालुक्याच्या गावी जातात. तेव्हा वस्ती वाढली की सगळ्याच सेवांवर सारखा ताण येतो, असे समजण्याचे कारण नाही; पाण्यावर येतो, शाळेवर येत नाही. म्हणूनच प्रत्येक सेवेचा हिशेब वेगळा मांडायला हवा.

येथे मला संकुलातील रहिवाशांविषयी दोन शब्द लिहायला हवेत, कारण हे पत्र वाचून काहींना वाटेल की आणखी एक म्हातारा बिगरगोमंतकीयांवर तोंडसुख घेत आहे. तसे नाही. पहिली गोष्ट, ते भाट आमच्याच गावकऱ्यांनी विकले आणि त्या पैशांतून त्यांची मुले शिकली; त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. दुसरी गोष्ट, माझा सख्खा पुतण्या पर्वरीला अशाच एका संकुलात राहतो, कारण वडिलोपार्जित घराच्या वाटण्या होऊन त्याच्या वाट्याला आलेल्या खोलीत संसार मावत नव्हता. तिसरी आणि महत्त्वाची, या व्यवहारात सदनिका घेणाराही फसतो. संकुलातील एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे येऊन बसतात. त्यांच्या माहितीपत्रकात चोवीस तास पाणी लिहिले होते. आज त्यांच्या सोसायटीला उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागतो आणि ते पैसे दरमहाच्या देखभाल खर्चातून जातात. तो टँकर कुठल्या विहिरीवर भरतो हे विचारण्याचे धाडस त्यांनी केले नाही, मीही केले नाही. भूजल नियमनाचा कायदा गोव्यात 2002 पासून आहे, पण पहाटे टँकर भरताना तो कायदा विहिरीच्या कठड्यावर येऊन बसत नाही.

पैशांचे गणितही तपासण्यासारखे आहे. मोठे बांधकाम करणाऱ्याकडून राज्य सरकार 2009 च्या कायद्याने पायाभूत सुविधा कर घेते, तोही बांधकामाच्या क्षेत्रफळावर. नावच सांगते की हा पैसा सुविधांसाठी आहे. तो राज्याच्या तिजोरीत जमा होतो. मुद्रांक शुल्कही तेथेच जाते. पंचायतीच्या हाती येते ते परवाना शुल्क, एकदाच, आणि पुढे वर्षाची घरपट्टी. आमच्या संकुलापोटी जमा झालेल्या सुविधा करातून आमच्या गावच्या टाकीवर, वाहिनीवर किंवा आरोग्य उपकेंद्रावर काय खर्च झाले, असे मी लेखी विचारले. मला दोन कार्यालयांकडून दोन पत्रे आली. पहिल्यात हा विषय दुसऱ्या कार्यालयाचा असल्याचे म्हटले होते आणि दुसऱ्यात पहिल्याचा.

मग करायचे काय? बांधकामे सरसकट बंद करा अशी मागणी मी करणार नाही, ती टिकत नाही. पंचायतीने परवाना नाकारला तर बिल्डर पंचायत उपसंचालकांकडे अपील करतो, आणि ज्या फाईलला सगळ्या खात्यांची ‘हरकत नाही’ ती कशाच्या आधारावर नाकारली हे पंचायतीला तेथे सांगता येत नाही. त्या कागदाचा मजकूर बदलला तर मात्र पुष्कळ काही बदलेल. ठरावीक संख्येहून जास्त सदनिका असलेल्या प्रकल्पाला ना हरकत दाखल्याऐवजी क्षमतेचा दाखला मागावा. त्यात पाणी खात्याने आकडा लिहावा : या टाकीत रोज इतके पाणी येते, आजच्या जोडण्यांना इतके जाते, टोकाच्या नळाला इतके तास मिळते, या प्रकल्पाला इतके लागेल आणि ते अमुक ठिकाणाहून अमुक साली येईल. ‘उपलब्धतेच्या अधीन’ हे शब्द त्यात नसावेत. वीज खात्याने उपकेंद्राचा आणि ट्रान्स्फॉर्मरचा भार लिहावा, आरोग्य केंद्राने आपल्याकडील परिचारिकांची संख्या लिहावी, अग्निशमन दलाने बंब वळतो की नाही ते लिहावे. आणि हे सगळे एका पानावर यावे. आज पाच खात्यांची पाच टेबले आहेत. प्रत्येकजण आपल्यापुरते पाहतो आणि बेरीज कोणीच करत नाही. केंद्राच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि तेथे अशी बेरीज थोडीफार होते. पण गावागावांत उठणारी संकुले बहुतेक त्याच्या खालची असतात, आणि टप्प्याटप्प्याने आली तर प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे लहानच दिसतो.

हा एक पानाचा हिशेब परवान्याआधी ग्रामसभेसमोर यावा, आणि भोगवटा दाखला (इमारतीत राहायला जाण्याची परवानगी) त्याला जोडावा. म्हणजे इमारत पूर्ण झाली म्हणून दाखला मिळू नये. दाखल्यात लिहिलेले पाणी प्रत्यक्ष टाकीत आले, याची नोंद झाल्यावर मिळावा. दुसऱ्या टप्प्याच्या इमारती बांधून तयार असतील आणि टाकी नसेल, तर टाकी होईपर्यंत त्यांनी थांबावे. एवढे ठरले तर टाकीसाठी मंत्र्यांच्या दारात खेटे घालण्याचे काम आमच्याऐवजी बिल्डर करील, आणि ते त्याला आमच्यापेक्षा चांगले जमते असा माझा अनुभव आहे. नव्या टाकीचा खर्च कोणी किती उचलायचा, यावर मतभेद होतील. माझ्या मते सुविधा करातील त्या प्रकल्पापोटीचा वाटा आधी त्याच गावात खर्च झालेला दिसला पाहिजे आणि मग उरलेल्यासाठी बिल्डरकडे जावे, कारण एकदा कर भरलेल्याकडून पुन्हा तेच मागितले तर तो न्यायालयात जाईल आणि आमची टाकी आणखी पाच वर्षे लांबेल.

याला नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही. दाखल्याचा मजकूर खातेप्रमुख एका परिपत्रकाने बदलू शकतात. माझ्या नोकरीत तो दोनदा बदलला गेला, एकदा तर केवळ शुद्धलेखनासाठी.

आमची पुढची ग्रामसभा येत्या महिन्यातील रविवारी आहे आणि दुसऱ्या टप्प्याचा अर्ज अजून निकालात निघालेला नाही. मी पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहे : किती घनमीटर, कुठल्या टाकीतून? या वेळी काकीही येणार म्हणतात, आणि संकुलातील ते गृहस्थही. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या गावात असे अर्ज पडून आहेत त्यांनी आपल्या पंचायतीत जाऊन पाण्याचा दाखला मागून घ्यावा आणि त्यातले शेवटचे वाक्य वाचून पाहावे, एवढ्यासाठी हे पत्र छापावे ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कनिष्ठ अभियंता,
बार्देस